तहानेची रांग

१

वहिनींनी एकदा देवाला शब्द दिला होता. मास्तरांना दिवसभरात जेवढं पाणी मिळेल तेवढंच मीही पिईन, त्यांची तहान भागेल त्या दिवशी माझी भागवीन. दवाखान्याच्या जिन्यात उभं राहून दिलेला शब्द. हातात मास्तरांचे बूट होते आणि ऐकायला देवाशिवाय कुणी नव्हतं. घरी आल्यावर त्यांनी याबद्दल चकार शब्द काढला नाही. देवाशी बोललेलं देवापाशीच ठेवावं, गाजावाजा केला की त्यातला जीव जातो, असं त्यांना वाटे.

मास्तर म्हणजे वहिनींचे यजमान. शाळेत कवायत शिकवायचे. निवृत्त झाले तरी पाठ अशी ताठ, की त्यांना येताना पाहून शेजारचे लोक नकळत पोट आत घ्यायचे. गोडाचा सोस नाही, विडीकाडी नाही, जिना चढताना कठड्याला हात नाही. आणि अशा माणसाला ऐन उमेदीत मधुमेह झाला. काही वर्षांनी मूत्रपिंडांनीही हात टेकले. आता दर दोन दिवसांआड त्यांचं रक्त मशीनमधून धुऊन यायचं. मशीनवरच्या माणसाला पाणी मापून द्यावं लागतं, कारण प्यायलेलं बाहेर पडायला वाटच उरलेली नसते. ते पायांत साठतं, छातीत साठतं.

म्हणून रोज सकाळी वहिनी काचेचा एक जग भरून ठेवत. जगाला नखांच्या लाल रंगाची रेघ ओढलेली होती. रेघेपर्यंतचं पाणी मास्तरांचं. चहा त्यातूनच, गोळ्याही त्यातूनच. मागच्या फळीवर, डब्यांच्या आड, तसाच दुसरा जग होता. तो वहिनींचा. दुपारची जेवणं झाली की दोघांचे दोन ग्लास विसळून ओट्यावरच्या फडक्यावर पालथे घालायचे, आणि मग घटकाभर पाठ टेकायची, असा त्या घराचा शिरस्ता होता. लेक कामावर असे. घरात पंख्याच्या कुरकुरीखेरीज आवाज नसे.

त्या दुपारी वहिनी उठून स्वयंपाकघरात आल्या, तर फडक्यावर तीन ग्लास पालथे होते.

दोन वाळले होते. तिसरा ओला होता.

२

आपणच विसळला असेल आणि विसरलो, म्हणून वहिनींनी तो पुसून ठेवून दिला. विसरायला झालंय अलीकडे, चष्मा डोळ्यांवर ठेवून चष्मा शोधतो आपण. पण दोन दिवसांनी पुन्हा तेच झालं. मग त्यांना मास्तरांचा संशय आला.

"अहो, खरं सांगा हं. चोरून पाणी पिता का?"

मास्तर पेपरातून वर न बघता म्हणाले, "चोरून प्यायचं असतं तर नळाला तोंड लावलं असतं. चोर कधी ग्लास विसळून ठेवतो का?"

बिनतोड होतं. शिवाय मास्तर शिस्तीचे. स्वतःची तहान त्यांनी अशी रांगेत उभी केली होती, की शिट्टी वाजल्याशिवाय तिनं हलू नये. वहिनींना त्यांचं फार कौतुक वाटायचं. जिभेला कोरड पडलेली असताना हा माणूस शेजारणीच्या नातवाला शांतपणे गणितं समजावायचा.

त्याच आठवड्यात आत्या आल्या. आत्या म्हणजे मास्तरांची धाकटी बहीण. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्म काढलेल्या, त्यामुळे समोरच्याशीही पलीकडच्या गावातल्या माणसाशी बोलावं तशा मोठ्यानं बोलायच्या.

"दादा, तू जन्मभर पळालास आणि त्या मधुमेहानं तुलाच गाठलं. मी जन्मभर खुर्चीत बसून बिस्किटं खाल्ली, तर तो मला ओळखही दाखवत नाही. सांग आता, कवायतीचा काय उपयोग?"

"तुला गाठायला त्याला दार मोठं करून घ्यावं लागेल," मास्तर म्हणाले.

"हसून घे. उद्या माझंच मूत्रपिंड पोटात घेऊन हिंडशील, मग बघते." साखरेचा डबा पुढे कर म्हणावं, इतक्या सहज आत्यांनी ते म्हटलं. "वहिनी, मी दवाखान्यात नाव देऊन आलेय."

"आत्या, तू मागे हो. माझा नंबर पहिला," दारातून आवाज आला. ही मास्तरांची लेक. घरात टिकून बसत नाही म्हणून तिचं नाव भिंगरी पडलं होतं. मोठमोठ्या इमारतींच्या लिफ्टी तपासण्याचं काम करायची. दोर, चाकं, ब्रेक. खांद्यावरची अवजारांची पिशवी खाली ठेवली की जमीन दणाणायची. "माझं बाबांशी जास्त जुळतं. डॉक्टर म्हणाले."

आत्यांनी भाचीकडे पाहिलं आणि उठून पाणी प्यायला गेल्या. वहिनींचं लक्ष त्यांच्या पायाकडे गेलं. पाणी पिताना आत्यांची डावी टाच वर उचललेली होती.

ही या घराण्याची खूण. सासूबाई अशाच प्यायच्या, डावी टाच उचलून, जणू उंचावरचं काही घ्यायचंय. मास्तर तसेच पितात. भिंगरी चालायला लागली आणि पहिल्यांदा स्वतः ग्लास धरून पाणी प्यायली, तेव्हा तिचीही टाच उचलली गेली होती. कुणी शिकवलं नव्हतं. आजी तर तिच्या जन्माआधीच गेलेली. त्या वेळी वहिनींना भरून आलं होतं. कुठल्या कुठल्या वळणानं कायकाय पोचवतो हा देव! एवढीशी टाच, पण विसरला नाही.

३

मग आवाज आला.

वहिनी पलंगावर पडल्या होत्या. शेजारी मास्तरांचा श्वास एका लयीत चालला होता. खोलीच्या दारातून एक लांब बोळ जातो, त्याच्या टोकाला स्वयंपाकघर. तिथून आवाज आला, पाणी पिण्याचा. घट, घट, घट. मध्ये श्वास घ्यायला थांबणं नाही. माणूस कितीही तहानलेला असला तरी एकदा थांबतो, हुश्श करतो. हे थांबत नव्हतं. मग काच ओट्यावर टेकल्याचा बारीक आवाज, आणि लगेच पुन्हा घट, घट, घट.

नळ ठिबकत असेल, त्यांनी मनाला सांगितलं. वरच्या मजल्यावरचा पाइप असेल. भिंती पातळ आहेत, कुणाचं काय ऐकू येईल सांगता येत नाही. मनानं मान डोलावली, पण अंग काही उठेना. त्या नामस्मरण करत पडून राहिल्या. आवाज थांबल्यावर बऱ्याच वेळानं गेल्या, तर नळ कोरडा होता. दोन्ही जगांतलं पाणी जिथल्या तिथे. फडक्यावर तिसरा ग्लास, आणि त्याच्या कडेवरून थेंब ओघळत होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तिसरा ग्लास कपाटात घालून कुलूप लावलं. त्या दुपारी फडक्यावर दोनच ग्लास होते. दोन्ही ओले.

कुणाला सांगणार? आत्या हसून घर डोक्यावर घेतील. मास्तर म्हणतील, डोळे तपासून घे. आणि भिंगरी? तिच्या डोक्यात तर आता एकच गोष्ट होती, बाबांना शस्त्रक्रियेला कधी घेतात.

४

शस्त्रक्रियेच्या आधी दवाखान्यानं सगळ्यांना एका डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. त्या आनुवंशिक आजारांच्या जाणकार. खोली छोटी, टेबलावर रबराचं एक मूत्रपिंड, खिडकीत तीन कुंड्या. बाई वयानं भिंगरीहून थोड्याच मोठ्या. पण बोलणं असं, की ऐकणाऱ्याला आपण शहाणे झालो असं वाटावं. वहिनींना त्या पहिल्या वाक्यालाच आवडल्या.

त्यांनी आधी सगळ्या घराण्याची चौकशी केली. कोण कशानं गेलं, कुणाचे पाय सुजायचे, कुणाला फार तहान लागायची.

"माझ्या आईला," मास्तर म्हणाले. "आणि तिच्या वडलांना. ते म्हणे विहिरीवरून हलायचे नाहीत."

"शरीरानं काय कसं करायचं, याच्या सूचना आपल्या पेशींमध्ये असतात," बाई म्हणाल्या. "त्यांना आम्ही जनुकं म्हणतो. त्या सूचनांत माणसागणिक थोडाथोडा फरक असतो, म्हणून तर आपण एकमेकांसारखे दिसत नाही. बहुतेक फरकांनी काही बिघडत नाही. एखादा मात्र असा असतो, की त्यानं साखर सांभाळणारं स्वादुपिंडही दमतं आणि मूत्रपिंडही. व्यायामानं त्याला उशीर लावता येतो. मास्तर, तुम्ही पळत राहिलात म्हणून एवढी वर्षं निभावलीत."

मास्तरांनी आत्यांकडे विजयी नजरेनं पाहिलं.

"म्हणजे टाच उचलण्यासारखं का हो?" वहिनींनी विचारलं आणि त्यांना सगळं सांगितलं.

बाई हसल्या नाहीत. मास्तरांच्या टाचेकडे त्यांनी कुतूहलानं पाहिलं. "टाचेचं मला ठाऊक नाही. पण समजायला तसंच समजा. कुणाकडे येतं, कुणाला चुकवून पुढे जातं. आईवडलांपैकी एकाकडे असा फरक असला, तर प्रत्येक लेकराकडे येण्याची शक्यता निम्मी. आला म्हणजे आजार होणारच असा शिक्का नाही. पण धोका मोठा. अशा माणसानं एक मूत्रपिंड देऊन टाकलं, तर राहिलेलं एकटं किती ओढणार? आणि घेणाऱ्याच्याही पदरात दमायला लागलेलंच पडायचं. म्हणून देणाऱ्यानं आधी ही तपासणी करावी."

आत्यांनी लगेच हात पुढे केला. "घ्या रक्त. भरपूर आहे."

भिंगरीनं हात खिशात घातले. "माझ्या बाकीच्या तपासण्या झाल्यात. ही मी करणार नाही. न कळण्याचा हक्क आहे ना मला?"

"आहे," बाई म्हणाल्या. "जबरदस्ती कुणी करणार नाही. फक्त विचार करा."

मग त्यांनी उठून वहिनींचा हात हातात घेतला, हाताच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी उभीच राहिली. "पाणी किती पिता तुम्ही?"

 अशा डोळ्यांसमोर खोटं बोलायची वहिनींची टाप नव्हती. देवाला दिलेल्या शब्दाचं सगळं बाहेर आलं. मास्तर खिडकीबाहेर बघू लागले. त्यांची ताठ पाठ त्या दिवशी पहिल्यांदा वाकली.

"तुमच्या शब्दामध्ये मी येत नाही," बाई हळूच म्हणाल्या. "पण देवाला एका घरात दोन रोगी कशाला हवे असतील? त्यालाच विचारून बघा. आणि एक सांगते, तहानलेलं डोकं नाही ते ऐकवतं, नाही ते दाखवतं."

वहिनींच्या छातीवरचं ओझं एकदम उतरलं. एवढंच होतं तर! त्यांनी तिथेच डोळे मिटून देवाची परवानगी मागितली. बाईंनी पुढे केलेला पाण्याचा पेला घेतला आणि सावकाश, डोळ्यांतल्या पाण्यासकट, पिऊन टाकला.

५

त्यानंतर वहिनी पोटभर पाणी पिऊ लागल्या. ओठांच्या भेगा भरल्या, डोकं हलकं झालं. दुपारी गाढ झोप लागे. फडक्यावर दोनच ग्लास असत, कोरडे. डॉक्टरीणबाईंना मनातल्या मनात त्यांनी किती आशीर्वाद दिले असतील!

एका दुपारी मात्र त्यांना जाग आली. तहान नव्हती. डोकं स्वच्छ होतं, इतकं की पंख्याच्या कोणत्या पात्याची कुरकुर होते तेसुद्धा कळत होतं.

घट, घट, घट.

वहिनी उठल्या. पहिल्यांदाच उठल्या. शेजारी मास्तर कुशीवर झोपले होते. त्यांनी त्यांच्या खांद्याला हात लावून पाहिला. ऊबदार होता, वरखाली होत होता. मग अनवाणी बोळातून निघाल्या. बोळ अंधारा असतो, पण त्या दुपारी स्वयंपाकघराच्या दारातून ऊन आत आलं होतं आणि त्या उन्हात कुणाच्या तरी पाठी दिसत होत्या.

ओट्यापाशी जो पीत होता, त्याचा फक्त खांदा दिसला. अंगात जुन्या धाटणीचा जाड सदरा. त्याच्यामागे एक पाठ, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा, मानेवर तीळ. तो तीळ वहिनींनी सासूबाईंच्या मानेवर तेल लावताना कितीदा पाहिला होता. तिच्यामागे एक ताठ पाठ. इतकी ताठ पाठ जगात एकाच माणसाची, आणि तो माणूस आत्ता मागच्या खोलीत झोपलेला, त्याच्या श्वासाची घरघर बोळातून ऐकू येत होती.

धक्काबुक्की नाही, घाई नाही. शहाण्या मुलांसारखी रांग. पुढच्यानं ग्लास टेकवला, तो कुठे गेला ते दिसलं नाही. सगळ्या पाठी एक पाऊल पुढे सरकल्या आणि घट, घट, घट सुरू झालं. डावी टाच जमिनीवरून उचलली गेली.

रांगेचं शेवटचं माणूस दाराच्या अलीकडे, बोळातच उभं होतं. वहिनींच्या हाताच्या अंतरावर. लांब वेणी, वेणीच्या टोकाला निळं रबर. आज सकाळी ते रबर वहिनींनीच भिंगरीला शोधून दिलं होतं.

त्यांनी हात पुढे केला. वेणीला बोटं लागणार तोच रांग पुन्हा सरकली आणि वेणी एक पाऊल पुढे गेली.

६

त्यानंतर स्वयंपाकघरात काहीच नव्हतं. वहिनी ओट्याला धरून उभ्या होत्या. त्यांनी भिंगरीला फोन लावला. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला लिफ्टच्या खड्ड्यात होती. "आई, दोराला लटकलेय, नंतर करते," म्हणून तिनं ठेवून दिला. आवाज खणखणीत होता. लेक जिवंत आहे, धडधाकट आहे. मग आपण काय पाहिलं?

त्या विचारात पडल्या. पाहिलेलं खरं मानलं, तर लेकीला थांबवायला हवं. लेकीला थांबवलं, तर मास्तरांचं काय? आत्यांचं जेमतेम जुळत होतं. नवरा की लेक, असं कुणी त्यांना कधी विचारलं नव्हतं. त्या दुपारी घरातल्या शांततेनंच विचारलं.

संध्याकाळी भिंगरी आली. पिशवी दणकन खाली ठेवून बूट सोडायला बसली.

"भिंगरे, तुला तहान लागते का गं फार?"

"उन्हात हिंडते मी, आई."

"लिफ्टच्या खड्ड्यात ऊन कुठून येतं?"

भिंगरीचे हात बुटाच्या नाडीवर थांबले.

वहिनींनी मग जे पाहिलं ते सांगितलं. हातचं राखून न ठेवता, तिसऱ्या ग्लासापासून निळ्या रबरापर्यंत. सांगताना त्यांना स्वतःलाच ते वेडगळ वाटत होतं. लेक हसेल, डॉक्टरकडे नेईल, काहीही म्हणेल, याची त्यांनी तयारी ठेवली होती.

भिंगरी हसली नाही. तिनं पिशवी जवळ ओढली आणि उघडली. पान्हे आणि पक्कडी वर होत्या. खाली पाण्याच्या बाटल्या. रिकाम्या, चेपलेल्या, एकीत एक कोंबलेल्या.

"मला माहीत आहे, आई. बरेच महिने झाले. बाबांच्या साखर मोजायच्या मशीनवर एकदा बोट टोचून पाहिलं आणि पुसून ठेवलं."

"आणि दवाखान्यातली तपासणी?"

"आठवडाभर जेवलेच नाही धड. आकडा काठावर आला. सुटले." ती बाटल्यांकडेच बघत होती. "एकदा बाबांना दिलं की मग कळू दे ना काय कळायचं ते. माझ्याकडे अजून वेळ आहे. त्यांच्याकडे कुठाय?"

वहिनींनी तिला मिठीत घेतलं. केवढी ही पोर! तहान एवढी पाठीवर घेऊन इमारतीच्या इमारती चढत होती आणि घरात शिट्टी वाजवत फिरत होती. "अगं वेडे," त्या तिच्या केसांत म्हणाल्या, "तुझं दमलेलं मूत्रपिंड त्यांच्या पोटात घालून तू दोघांना एकदम रडवशील. आणि ते शुद्धीवर आल्यावर पहिला प्रश्न तुझाच विचारतील. तेव्हा मी काय सांगू?"

भिंगरीनं पिशवी बंद केली.

"त्या रांगेत आत्या होती का?" भिंगरीनं विचारलं.

वहिनींनी आठवून पाहिलं. नव्हती.

७

भिंगरीनंही मग रक्त दिलं. निकाल त्या रांगेसारखाच आला. मास्तरांकडे तो फरक होता. भिंगरीकडे होता. आत्यांकडे नव्हता. डॉक्टरीणबाईंनी भिंगरीला समोर बसवून एकेक गोष्ट नीट सांगितली. साखर वाढायला लागली आहे, पण मूत्रपिंडं अजून खणखणीत आहेत. औषध आहे, पथ्य आहे, दर काही महिन्यांनी तपासणं आहे. "तुम्ही वेळेवर आलात. तुमच्या आजीला हे सांगायला कुणी नव्हतं," त्या म्हणाल्या. वहिनींना त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

आत्यांचं जेमतेम जुळणारं मूत्रपिंड औषधांच्या जोरावर चालवून घ्यायचं ठरलं. "जेमतेम काय म्हणता?" आत्या फणकारल्या. "लहानपणापासून आमचं जेमतेमच जुळतं. चाललंच ना?"

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी मास्तर आणि आत्या दवाखान्यात दाखल झाले. घरात वहिनी आणि भिंगरी दोघीच. दुपारी दोघी पलंगावर बसून कपड्यांच्या घड्या घालत होत्या, तेव्हा बोळाच्या टोकाला ते सुरू झालं.

भिंगरीच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. "तुला ऐकू आलं होतं ते हेच?" तिनं कुजबुजत विचारलं. "मला लहानपणापासून येतं. मला वाटायचं, ते माझ्याच घशातलं आहे."

 वहिनी उठल्या. बोळातून चालत गेल्या आणि स्वयंपाकघराच्या दारापाशी थांबल्या. आत पाहिलं नाही. डोळे मिटून, ओल्या भिंतीला हात लावून त्या उभ्या राहिल्या. आवाज इतका जवळ होता, की गिळण्याचा कंप भिंतीतून तळव्याला जाणवत होता. भीती तर होतीच. पण तिच्या खाली कुठेतरी माया होती. किती पिढ्यांची ही तहान! कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही, बिचारे नुसते पीत राहिले.

"सावकाश प्या," वहिनी म्हणाल्या. वाडवडलांशी बोलतात त्या अदबीनं. "तुमचं कुणी काही केलं नाही, कारण कुणाला कळलंच नाही. हिचं कळलंय. हिचं औषध सुरू झालंय. हिला मी घेऊन जाते. हिची जागा सोडा."

गिळणं थांबलं.

आत पावलं वाजली. सगळी एकदम, एकच पाऊल. रांग सरकली होती. पुढे की मागे, ते आवाजावरून कळेना, आणि डोळे उघडून बघायचं धाडस वहिनींना झालं नाही. त्यांनी मागे हात केला, भिंगरीचा हात घट्ट धरला आणि दोघी जिन्यावरून खाली आल्या. संध्याकाळपर्यंत बागेतल्या बाकावर बसून राहिल्या.

८

आत्या शुद्धीवर आल्या तेव्हा पहिला प्रश्न त्यांनी पूर्ण वॉर्डाला ऐकू जाईल असा विचारला. "दादाला लघवी झाली का?"

झाली होती. टेबलावरच सुरू झाली होती. नर्सनं पिशवी वर करून दाखवली, तर पहिल्या नंबरानं पास झालेल्या लेकराकडे पाहावं तसं आत्यांनी पाहिलं. दोन दिवसांनी पलीकडच्या खोलीत मास्तर काचेचा ग्लास हातात घेऊन बसले होते. किती प्यायचं, असं त्यांनी नर्सला तीनदा विचारलं, आणि ती प्रत्येक वेळी म्हणाली, "हवं तेवढं." त्यांना ते खरं वाटेना.

डॉक्टरीणबाईंनी एक काम सांगितलं होतं. रक्ताच्या सगळ्या नातेवाइकांना कळवा, तपासून घ्यायला सांगा. ते काम आत्यांनी अंगावर घेतलं. टाक्यांवर उशी दाबून धरत त्या खाटेवरूनच एकेकाला फोन लावू लागल्या. "हॅलो, एक्स्चेंजमधून बोलतेय. लाज कसली रे? मधुमेह काय तू चोरून आणलास? आजोबांनी ठेवलाय, सगळ्यांचा हक्काचा आहे. फक्त वेळेवर बघ, एवढंच सांगते." कुणी टाळलं, की त्या त्याच्या बायकोला फोनवर बोलावत. मग टाळायची सोय उरत नसे. वहिनी शेजारी बसून ऐकत होत्या आणि त्यांना वाटत होतं, या बाईला देवानं एक मूत्रपिंड जास्तीचं दिलं ते उगाच नाही.

शेवटचा राहिला एक मामेभाऊ. एकटा राहायचा, घरीच पुस्तकांच्या बांधणीचं काम करायचा. "मला काही झालेलं नाही गं," तो हसत होता. "ठणठणीत आहे मी. उगाच सुया कशाला टोचून घेऊ?"

आत्या काहीतरी बोलायला गेल्या आणि थांबल्या. टेलिफोनवर जन्म काढलेला त्यांचा कान. त्यांनी भुवया आक्रसल्या आणि फोन वहिनींच्या हातात दिला.

वहिनींनी ऐकलं. मामेभाऊ बोलतच होता, कामाचं, हवेचं, कसलं कसलं. आणि त्याच्या बोलण्याच्या मागे, दुसऱ्या एखाद्या खोलीतून आल्यासारखं, कुणीतरी पाणी पीत होतं. न थांबता.

"भाऊजी," वहिनी म्हणाल्या, "घरी कोण आलंय?"

"कोण येणार? एकटाच आहे. का हो?"

"काही नाही. दार लावून बाहेर या आणि पायरीवर बसा. भिंगरी निघालीच आहे तुम्हाला न्यायला."

भिंगरीनं पिशवी उचललीसुद्धा होती.

वेळेवर पोचली ती. मामेभावांची साखर त्यांच्या हसण्याइतकीच मोठी निघाली, पण मूत्रपिंडं वाचली. आता ते आणि भिंगरी एकाच दिवशी तपासायला जातात आणि येताना एकमेकांचे आकडे सांगून भांडतात.

तेव्हा ही गोष्ट ऐकलीत तर एवढं करा. तुमच्याही घरात असं कुणी असेल. ठणठणीत, हसतमुख, आणि पुन्हा पुन्हा उठून पाणी पिणारं. त्याला विचारा. उडवून लावलं तर पुन्हा विचारा. हाताला धरून रक्त आणि लघवी तपासायला घेऊन जा. त्याच्या पुढे कोण कोण उभं आहे ते बघत बसू नका. आधी आपलं माणूस रांगेतून बाहेर ओढा.